घरचं कोणतं जेवण मांजराला चालतं? (माळकरी घर, गावात दुकान नाही)

परसबाग

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो. पोळ्यानंतर घरात मांजराचं पिल्लू आलंय, चिंगी नाव ठेवलंय. आता तीनेक महिन्यांची असेल. सासूबाई माळकरी, त्यामुळे घरात मांस-अंडं काहीच येत नाही. तिला वरण-भात, दुधात कुस्करलेली पोळी, कधी ताक-भात देतो. वरण-भात हुंगते आणि बाजूला होते. दूध मात्र वाटी चाटूनपुसून पिते आणि मग पातळ संडास करते. खेळते चांगली, पण अंगावर मांस धरत नाही, केसही रुक्ष झालेत.

बाहेर सोडायची हिंमत होत नाही. सोयाबीन घरात आलंय, आजूबाजूला सगळ्यांनी पोत्यांच्या बुडाशी उंदरांचं औषध टाकलंय.

आमच्या स्वयंपाकातलं तिला काय चालेल, काय अजिबात देऊ नये? डाळकांदा, आळण, कढी-गोळे, पाटोड्या, भाकर, हेच आमचं रोजचं. प्राण्यांच्या खाण्याचं दुकान थेट यवतमाळला आहे.

कापूसकोंड्या

ताई, येवढा घोर कायले लावून घेता जिवाले. आमच्या घरी आजीच्या काळापासून मांजरी हायेत. सकाळी दूध-भाकर, संध्याकाळी दूध-भाकर, तिसरं काही कोणी त्यायले देल्लं नाही. चांगल्या धष्टपुष्ट होत्या, वर्षातून दोनदा पिल्लं द्यायच्या. दूध सोसत नसन तर निम्मं पाणी घालून पाहा. मांजर चिवट जात हाय, जगते.

गोठ्यातला डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. नोकरीची सगळी वर्षं अमरावती आणि अकोला जिल्ह्यात गाई-म्हशी-बकऱ्यांमध्ये गेली, पण गावात मांजरं घेऊन येणारेही खूप असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कापूसकोंड्या भाऊ, तुमच्या आजीच्या मांजरी दूध-भाकरीवर जगल्या नाहीत. त्या ढोलीतल्या, गोठ्यातल्या आणि तुरीच्या गंजीतल्या उंदरांवर जगल्या. दुधाची वाटी त्यांना घराशी धरून ठेवत होती, एवढंच तिचं काम. एका लहान उंदरात साधारण ३० कॅलरी असतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात. म्हणजे दिवसाला सात-आठ उंदीर. शिवाय पाली, टोळ, चिमण्या. हे सगळं रात्री आणि पहाटे चालायचं, कोणाला दिसत नव्हतं. दिसायची ती फक्त भाकर.

उंदीर हा मांजरासाठी पूर्ण जेवणाचा डबा आहे. मांसात प्रथिनं, हाडात कॅल्शियम, यकृतात अ जीवनसत्त्व, हृदयात आणि स्नायूंत टॉरीन, आणि अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. परसबाग ताईंनी चिंगीला घरात ठेवलं ते अगदी योग्य केलं, पण त्याबरोबर उंदीरही बंद झाला. आता उंदराचं सगळं काम तिच्या वाटीला करावं लागेल. धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं धरून चालावं, पुढचे बरेच प्रश्न त्यातूनच सुटतात.

टॉरीनबद्दल थोडं. कुत्रा आणि माणूस हा घटक शरीरात बनवू शकतो, मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. वरण-भातात तो नाही, पोळीत नाही, दुधात अगदी नगण्य. महिनोन् महिने मिळाला नाही तर डोळ्याचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं आणि हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला, त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीन वाढवलं गेलं. गाजरातल्या किंवा पालकातल्या रंगद्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व तयार करतो, मांजर तेही करू शकत नाही. त्याला ते तयारच लागतं आणि तसं ते प्राणिज अन्नातच मिळतं.

दुधाचं असं आहे. आईचं दूध तुटलं की दुधातली साखर पचवणारा पाचक रस मांजराच्या पोटात कमी कमी होत जातो. मग ती साखर आतड्यात आंबते, पोट फुगतं, जुलाब होतात. पाणी घालून साखर जात नाही, फक्त दुधातलं पोषण पातळ होतं. चिंगीचं दूध आजच थांबवा. दोन-तीन दिवसांत संडास घट्ट नाही झाली तर जंतांचं औषध लागेल. तीन महिन्यांच्या गावच्या पिल्लात जंत असतातच असं धरून चाला. माणसाची गोळी मोडून देऊ नका, दवाखान्यात वजन करून मात्रा घ्या.

परसबाग

डॉक्टरसाहेब, खूप आभार. दूध बंद केलं. वाटीपाशी जाऊन ओरडते, पण देत नाही.

डाळकांद्याचं सांगा ना. शेजारच्या काकू म्हणतात, शिजलेला कांदा चालतो, कच्चा चालत नाही.

संत्रीबाग

डॉक्टर लिहितीलच, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आम्ही वरुडकडचे. गेल्या वर्षी पोळ्याच्या करीला आमच्या शेजारी मटण झालं होतं. उरलेला रस्सा भाकरीत कुस्करून त्यांच्या बोक्याला दोन-तीन दिवस घातला. बोका खुशीत खात होता. चौथ्या दिवशी तो पायरीवर चढेना. मी त्याला मांडीवर घेतलं आणि वरचा ओठ उचलून पाहिलं, तर हिरड्या चुन्याच्या भिंतीसारख्या पांढऱ्या. एरवी गुलाबी असतात. लघवी केली ती चहाच्या रंगाची. छाती भरभर उडत होती, बसल्या जागी.

त्याला तसाच गाडीवर टाकून नागपूरला नेलं, सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. पहिला प्रश्न विचारला तो हाच, कांदा-लसूण खाल्लाय का. वाचला तो, पण बरेच दिवस गेले. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणी मांजराला रस्सा घालत नाही.

गोठ्यातला डॉक्टर

संत्रीबाग ताईंनी हिरड्या पाहिल्या म्हणून तो बोका वाचला. सगळ्यांनी शिकून घ्या: मांजर सुस्त वाटलं की आधी वरचा ओठ उचलायचा. मांजर निरोगी असतानाच एकदोनदा पाहून ठेवा, म्हणजे नेहमीचा रंग लक्षात राहतो.

आता कांदा. कांदा, लसूण, पात, लसणाची हिरवी पात, सगळी एका घरातली. त्यांच्यातले गंधकाचे घटक मांजराच्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. पेशी फुटतात, रक्त कमी होतं, फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. मांजराच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदासुद्धा नुकसान करायला पुरतो. तीन किलोची मांजर धरली तर १५ ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची एखादी फोड. लसूण तर कांद्याच्या कितीतरी पट जहाल. शिजवून, तळून, वाळवून, भाजून, कशानेही हे घटक जात नाहीत. भाजलेल्या कांद्याचं वाटण घातलेल्या सावजी रश्श्यात कांदा डोळ्याला दिसतही नाही, पण असतो भरपूर. रोज थोडं थोडं दिलं तरी साचत जातं.

परिणाम लगेच दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. आज खाल्लं, आज काही झालं नाही, म्हणून माणूस उद्याही देतो. तीन-चार दिवसांनी मांजर बसतं तेव्हा कोणाला रस्सा आठवत नाही.

ताई, तुमच्या यादीतल्या डाळकांद्यावर काट मारा. आळण, कढी आणि पाटोड्यांच्या रश्श्यात लसूण पडतो, तेही नको. फोडणी पडायच्या आधी बाजूला काढलेलं साधं वरण, मीठ-तिखट न घालता, चमचाभर चालेल. साधा भात चालेल, ज्वारीची मऊ भाकर चालेल. पण हे सगळं पोट भरण्यापुरतं, जेवणाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका.

बाकी देऊच नये असं: द्राक्षं आणि मनुका, चॉकलेट, चहा-कॉफी, दारू, कच्चं मळलेलं खमिराचं पीठ, जायफळ घातलेलं गोड. चिप्स आणि नूडल्सचा मसाला यात कांद्याची-लसणाची पूड असते, पोरं हातातलं देतात, त्यांना समजावून सांगा. गोड पदार्थांची चव तर मांजराला कळतच नाही, गोडाची चव घेणारं जनुकच त्याच्यात बिघडलेलं आहे. पेढ्यावर तुटून पडतं ते खव्याच्या तुपासाठी.

तळ्याकाठी

मी अर्जुनी मोरगावकडची. आमच्याकडे तलाव आहेत, मासोळी भरपूर, त्यामुळे मांजरंही भरपूर. मासोळी साफ करायला बसलं की सगळी रांगेत. आतडी, कल्ले, लहान मासोळ्या कच्च्याच टाकतात लोक. याबद्दल कोणी सांगेल का? माझी मांजर आता मासोळीशिवाय दुसरं काही तोंडात घेत नाही. आणि सुकट-झिंगे?

गोठ्यातला डॉक्टर

बरं झालं विचारलं. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच मासोळ्यांत, विशेषतः रोहू-कतल्याच्या कुळातल्यांत, ब१ जीवनसत्त्व मोडून टाकणारा घटक असतो. रोज कच्ची मासोळी खाणाऱ्या मांजरात काही आठवड्यांत ब१ संपतं. मांजर आधी जेवण टाकतं, मग झिंगल्यासारखं चालतं, मान खाली वाकून हनुवटी छातीकडे येते, पुढे झटके येतात. वेळेत इंजेक्शन मिळालं तर झपाट्याने सुधारतं. शिजवल्यावर तो घटक नष्ट होतो, म्हणून मासोळी नेहमी शिजवून, काटे काढून द्या. कच्च्या मासोळीतून कृमीही येतात.

फक्त मासोळीवर ठेवू नका. आठवड्यातून दोन-तीनदा, तेही इतर खाण्याच्या जोडीला. नुसत्या तेलकट मासोळीवर राहिलेल्या मांजराच्या कातडीखालची चरबी सुजते, हात लावला तरी ते कळवळतं. ई जीवनसत्त्व कमी पडल्याने असं होतं.

सुकट, बोंबील, झिंगे यांत मीठ फार. रात्रभर भिजवून, दोन पाण्यांतून धुऊन, उकळून, एखादा तुकडा आवडीपुरता. रोज नको.

तळ्याकाठी

ती मासोळीशिवाय खात नाही त्याला मी एक उपाय चालवलाय. मासोळी बिनमिठाच्या पाण्यात उकळायची, काटे बोटांनी चाचपून काढायचे (डोळ्यांवर विसंबू नका, बारीक काटा शिजलेल्या मांसात दिसत नाही, बोटाला लागतो), आणि ते उकळलेलं पाणी दुसऱ्या खाण्यावर ओतायचं. वासाने चिकन-भातही खायला लागलीय. आधी एक चमचा, मग दोन, असं वाढवत नेलं.

तुळसमाळ

परसबाग ताई, तुमची अडचण मला नीट कळते. आमचं घर महानुभाव, रिद्धपूरला जाणारं. घरात मांस शिजत नाही आणि शिजणारही नाही. मांजर मात्र आहे, आणि ती भिजत आलेलं पिल्लू म्हणून वडिलांनीच उचलून आणली. जीव घरात घेतला तर त्याचं अन्न त्याच्या जातीप्रमाणे द्यावं लागतं, असं वडिलांचं म्हणणं, म्हणून मार्ग काढणं सोपं गेलं.

आम्ही पाकिटातलं कोरडं खाद्य आणतो. ते स्वयंपाकघरात येत नाही. गोठ्यात घट्ट झाकणाचा डबा, तिथंच तिची थाळी, तिथंच पाण्याचं गंज, घासायला वेगळा काथ्या. सासऱ्यांकडेही हीच पद्धत सांगितली, त्यांनाही पटली. तालुक्याच्या मेडिकलवाल्याला सांगितलं तर तो मागवून देतो, आमच्याकडे एक किराणावालाही ठेवायला लागलाय. पोस्टाने आणि कुरिअरने घरपोचही येतं. एकदम मोठी पिशवी घेऊ नका, उघडल्यावर पावसाळ्यात सर्दावते आणि खवट होते.

गोठ्यातला डॉक्टर

तुळसमाळ ताईंनी सांगितलेला मार्ग माळकरी घरासाठी सगळ्यात सुरक्षित. कोणी सांगेल पनीर द्या, सोयाबीन द्या, दही द्या. पनीर-दह्याने प्रथिनं मिळतील, टॉरीन मिळणार नाही. मांजराला शाकाहारी करता येत नाही, त्याचं शरीर त्यासाठी बनलेलंच नाही.

पाकीट घेताना तीन गोष्टी पाहा. ते मांजराचंच हवं. कुत्र्याच्या खाद्यात मांजराला पुरेल एवढं टॉरीन नसतं, स्वस्त मिळतं म्हणून लोक तेच आणतात. चिंगी वर्षाची होईपर्यंत पिल्लांसाठीचं घ्या, तिला किलोमागे मोठ्या मांजराच्या जवळपास दुप्पट ताकद लागते. आणि पाकिटावर ‘संपूर्ण आहार’ किंवा ‘कम्प्लीट’ असं लिहिलेलं असावं. ‘पूरक’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं असेल तर ते खाऊ आहे, जेवण नाही. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, कोमट पाण्यात भिजवून द्या.

कापूसकोंड्या

डॉक्टरसाहेब, उंदराचं पटलं. आमच्या आजीचं घर मातीचं होतं, उंदीर रग्गड. आता स्लॅबचं हाय, अन् बोका दिवसभर पंख्याखाली झोपून रायते. त्याले मी अजूनही दूध-भाकरच देतो. पण पाकीट आमाले परवडत नाही, दोन मांजरी अन् एक बोका हाय. आमी खाणारे लोक हाओ, चिकनच्या दुकानातून पोटा-कलेजी, मुंड्या, पाय असं सस्त्यात भेटते. त्यात कसं बसवायचं ते सांगा. नुसती कलेजी रोज देली तर चालते का? लय आवडते त्यायले.

गोठ्यातला डॉक्टर

चालत नाही, आणि हे नीट समजून घ्या. कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की महिनोन् महिने रोज दिल्यावर मानेचे मणके एकमेकांना चिकटतात. मांजराला मान वळवता येत नाही, अंग चाटता येत नाही. आठवड्यातून एक-दोनदा, बोटाच्या पेराएवढा तुकडा, एका मांजराला.

तुमच्यासाठी हे जमेल. दुकानदाराला दिल मागा, पोटा मागा, आणि मांडीचं लाल मांस. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा मांडीत आणि दिलात टॉरीन जास्त. पाणी मांस बुडेल एवढंच घ्या. मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण काही नको. मंद आचेवर शिजू द्या. शिजलं की हाडं सगळी काढा. आणि ते पाणी फेकू नका, टॉरीन पाण्यात उतरतं. मांस बारीक करून त्याच पाण्यात कालवा. चार वाट्या मांसाला अर्धी वाटी मऊ भात, त्याहून जास्त नको. आठवड्यातून दोन वेळा उकडलेलं अंडं, एका मांजराला अर्धं. कच्चं अंडं नको, त्यात जंतूही असतात आणि पांढऱ्यातला एक घटक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतो.

हाडांबद्दल: शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि चिरफळतं. त्याची टोकदार चीप घशात किंवा आतड्यात रुतते. मुंड्या आणि पाय उकळून त्यांचं पाणी वापरा, हाडं मांजरापुढे टाकू नका.

पण हाड काढलं की कॅल्शियमही गेलं. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. नुसत्या मांसावर वाढवलेलं पिल्लू मी पाहिलंय: पाच महिन्यांचं, अंगाने गुटगुटीत, आणि ओट्यावरून उडी मारली तर मागचा पाय मोडला. शरीराने रक्तासाठी कॅल्शियम हाडांतून ओढून घेतलं होतं, हाड पुठ्ठ्यासारखं मऊ. मालकाला वाटत होतं आपण सगळ्यात भारी खाऊ घालतोय. म्हणून अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसाला अर्धा चहाचा चमचा पूड. भरड राहिली तर परत दळा.

असं घरचं जेवण दोन दिवस-तीन दिवस चालेल, पण वर्षानुवर्षं फक्त त्यावर ठेवायचं तर आयोडीन, ई जीवनसत्त्व अशा बारीक गोष्टी राहून जातात. निम्मं घरचं आणि निम्मं पाकीट केलं तर खर्चही आवरतो आणि उणीवही भरून निघते. तिन्हींना पाकीट झेपत नसेल तर निदान पिल्लांना आणि गाभण मांजरीला द्या.

कापूसकोंड्या

हाव, जमते हे. दिल तर दुकानदार फेकूनच देते. उद्यापासून बोक्याचं दूध बंद करतो अन् हे चालू करतो. एकदम बंद केलं तर चालन ना?

गोठ्यातला डॉक्टर

दूध एकदम बंद केलं तर चालेल. जेवण मात्र एकदम बदलू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत. आणि कोणीही ‘भूक लागली की खाईल’ म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तर सहन करतो. मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही, विशेषतः जाड मांजराने, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते, कावीळ होते आणि जीव जाऊ शकतो. पूर्ण एक दिवस वाटीला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पिल्लू असेल तर तेवढीही वाट पाहू नका.

वर्धाकाठ

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, तेव्हाचं सांगतो. मांजर मुळात कमी पाणी पितं. कोरडं पाकीट आणि हा उन्हाळा, दोन्ही जुळून आले की नर मांजराच्या लघवीत खडे होऊन मार्ग तुंबतो. आमच्या भावाच्या बोक्याचं असंच झालं. रेतीत वारंवार बसायचा, ओरडायचा, खालची बाजू चाटत राहायचा, थेंबही येत नव्हता. घरच्यांना वाटलं बद्धकोष्ठ आहे, एरंडेल पाजायचा विचार चालला होता. नशीब त्या दिवशी गावात पशुवैद्य लसीकरणाला आले होते.

तेव्हापासून उन्हाळ्यात कोरडं खाद्य नेहमी भिजवूनच देतो. पाण्याची तीन भांडी, खाण्याच्या थाळीपासून लांब, एक माठाजवळ, कारण तिथं गार असतं आणि ती तिथंच बसतात. भिजवलेलं खाणं अर्ध्या तासात उचलतो. त्या उन्हात चिकनला तासाभरात वास येतो.

गोठ्यातला डॉक्टर

वर्धाकाठ यांनी सांगितलेली लक्षणं लिहून ठेवा. बोक्याची लघवी अडली की ती रात्र काढायची नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो.

परसबाग

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू. मेडिकलवाल्या भाऊंनी पिल्लांचं पाकीट मागवून दिलं. सासूबाईंना तुळसमाळ ताईंचं लिहिणं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मागच्या पडवीत ठेव, मला वाटीला हात लावायला सांगू नको. आता त्याच सकाळी पडवीच्या दाराशी उभ्या राहून मला हाक मारतात, ‘तिचं झालं का गं?’

संडास घट्ट झाली आहे. दवाखान्यात वजन करून जंतांचं औषध दिलं.

एकच राहिलं. तिला बाहेर सोडत नाही, पण घरात उंदीर शिरतोच. शेजारचं औषध खाल्लेला उंदीर तिने धरला तर? आणि तसं झालं तर घरी काय करायचं? मीठपाणी पाजून उलटी काढतात असं ऐकलंय.

गोठ्यातला डॉक्टर

मीठपाणी पाजू नका, त्याने मीठच अंगात भिनतं. दूधही उतारा नाही. घरी उलटी काढायचा कोणताही प्रयत्न नको.

उंदरांची औषधं दोन प्रकारची येतात. वड्या किंवा केक, ज्यात ब्रोमॅडिओलोनसारखं रक्त गोठू न देणारं औषध असतं. असा उंदीर खाल्ल्यावर मांजर दोन-तीन दिवस ठीक दिसतं, मग हिरड्यांतून, नाकातून, संडासमधून रक्त येतं किंवा आतल्या आत रक्तस्राव होतो. याला उतारा आहे, के१ जीवनसत्त्व, आणि ते लवकर सुरू केलं तर मांजर वाचतं. दुसरी काळपट पूड, झिंक फॉस्फाईड. ती पोटात जाताच विषारी वायू तयार करते. त्याला उतारा नाही, म्हणून क्षणही दवडायचा नाही. शेजाऱ्यांकडे जाऊन आज कोणतं औषध टाकलंय ते पाकिटावरून वाचून या, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. डॉक्टरला ती एक गोष्ट कळली तर अर्धं काम होतं. शेजाऱ्यांना सांगता आलं तर पिंजरे लावायला सांगा, आणि मेलेले उंदीर उकिरड्यावर न टाकता खोल पुरायला सांगा.

अजून एक, विषय निघालाच आहे म्हणून. मांजर तापलेलं वाटलं तर घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराला मारायला पुरते. त्याच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. लेकरांना देतो तो सिरपही तोच.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, आणि १९६२ हा टोल-फ्री क्रमांक, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी. ते पथक मुख्यतः जनावरांसाठी असलं तरी फोन करून विचारा, जवळ कोण आहे ते सांगतात. मोठं काही असेल तर अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था किंवा नागपूरचं महाविद्यालय. तुम्हाला दारव्ह्याहून अकोला जवळ पडेल.

संत्रीबाग

ताई, १९६२ मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा, आणि पाकीट आणून देणाऱ्या त्या मेडिकलवाल्या भाऊंनाही हा धागा पाठवा. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी मांजरासाठी माणसाची गोळी मागायला येतच असेल.